मामेकं शरणं आणि दोन मेणबत्त्या

परवा बुधवारी माहीम स्टेशनच्या पुलावर एका पोराने माझ्या हातात गुलाबी कागद कोंबला. 'येशूवाचून तारण नाही.' तारण म्हणजे पापातून सुटका. खाली प्रार्थनेची वेळ. सोबतच्या मैत्रिणीने तिचा कागद न वाचताच चुरगाळला. म्हणाली, "ह्यांचाच तेवढा देव खरा, बाकीच्यांचे काय दगड?" मी माझा घडी करून पर्समध्ये टाकला.

पंचवीस वर्षांपूर्वी मीही चुरगाळला असता आणि वर 'सगळे देव एकच' असं ऐकवून पुढे गेले असते. हे वाक्य आपण 'जेवलात का?' इतक्या सहज म्हणतो. अलीकडे मला ते खटकतं. समोरचा जीव तोडून काहीतरी सांगतोय आणि आपण त्याचं ऐकायच्या आधीच 'हो हो, तेच ते' म्हणून त्याला गप्प करतो. त्यापेक्षा भांडण परवडलं.

ख्रिस्ती लोकांचा हा 'तारणारा एकच' कुठून येतो ते बघा. आपल्याकडे हिशेब ज्याचा त्याचा. या जन्मी नाही फिटला तर पुढच्या जन्मी. खातं काही बंद होत नाही. त्यांच्याकडे जन्म एकच आणि पापाचं कर्ज एवढं, की माणसाने हयातभर पुण्य केलं तरी व्याजसुद्धा फिटायचं नाही. मग देवाचाच पुत्र जामीन राहिला आणि क्रुसावर मुद्दल भरून मोकळा झाला. एकदाच, सगळ्यांसाठी. भरलेल्या कर्जाला दुसरा जामीनदार कशाला? योहानाच्या शुभवर्तमानात येशू 'मार्ग, सत्य आणि जीवन मीच आहे' म्हणतो, तो 'मीच'मधला 'च' या हिशेबातून आलेला आहे. मला ते कर्जच मान्य नाही, म्हणून मी ख्रिस्ती नाही. पण कर्ज मानलं की पुढचं सगळं सरळ आहे, हे कबूल करायला माझं काय जातं?

आणि आपण तरी 'एक' म्हणत नाही का? गीतेच्या अठराव्या अध्यायात कृष्णाचं 'मामेकं शरणं व्रज' आहे, मला एकट्यालाच शरण ये. एकं. यावर लोक लगेच नववा अध्याय काढतात: दुसऱ्या देवांना श्रद्धेने भजणारेही मलाच भजतात. बरोबर. पण त्या श्लोकाचा शेवटचा शब्द आपण हळूच गिळतो. 'अविधिपूर्वकम्'. म्हणजे पोहोचतं माझ्याकडेच, फक्त तुमची पद्धत चुकीची. गंमत अशी की विसाव्या शतकात कार्ल राहनर नावाच्या जर्मन जेझुइट, म्हणजे कॅथलिक संघातल्या, पंडिताने नेमकं हेच उलट्या बाजूने मांडलं. ख्रिस्ताचं नावही न ऐकलेला सज्जन माणूस तरतो तो ख्रिस्तामुळेच. तो 'अनाम ख्रिस्ती'. मला कोणी अनाम ख्रिस्ती म्हटलं तर राग येईल. मग मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या ख्रिस्ती आंटीला 'तुम्हीही शेवटी आमच्याच देवाला भजता' म्हणते तेव्हा तिला काय वाटत असेल?

कॅथलिक चर्चही इथवर एका दमात आलेलं नाही. 'चर्चबाहेर तारण नाही' हे तिसऱ्या शतकातल्या कार्थेजच्या बिशप सिप्रियनचं म्हणणं. 1442 साली फ्लॉरेन्सच्या परिषदेने तर यहुदी आणि इतर धर्मीय मरणाआधी चर्चमध्ये आले नाहीत तर थेट अग्नीत जातील असं लिहून ठेवलं. वाचवत नाही ते. पण 1953 मध्ये अमेरिकेतले फादर फीनी हेच वाक्य शब्दशः धरून बसले, रोमने बोलावलं तरी गेले नाहीत, तेव्हा चर्चने त्यांनाच बाहेर काढलं. चर्चबाहेर तारण नाही म्हणणारा चर्चबाहेर!

मग दुसरी व्हॅटिकन परिषद, जगभरच्या कॅथलिक बिशपांची. 21 नोव्हेंबर 1964 ला तिने लिहिलं की ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. देणारा मात्र ख्रिस्तच, ते सोडलं नाही. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत पोप पॉल सहावे आपल्या मुंबईत होते. ओव्हल मैदानावर युकॅरिस्टिक काँग्रेस, म्हणजे कॅथलिकांचा जागतिक मेळावा, भरली होती. आमचे बाबा तेव्हा कॉलेजात, गर्दी बघायला म्हणून गेले आणि चप्पल हरवून आले. त्या मुक्कामात इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना पोपनी 'असतो मा सद्गमय'ची प्रार्थना म्हणून दाखवली. 2000 साली रोमने पुन्हा बजावलं की तारणारा एकच, याची गल्लत नको. म्हणजे दार उघडलं, चौकट तीच.

आपले नारायण वामन टिळक 1895 मध्ये याच मुंबईत ख्रिस्ती झाले. ते म्हणत, मी ख्रिस्ताकडे आलो तो तुकोबांच्या पुलावरून. पलीकडे गेल्यावर त्यांनी पूल काही पाडला नाही. एवढं जमलं की माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती वेगळीच. आईच्या शेवटच्या दुखण्यात हॉस्पिटलमध्ये शेजारच्या पेशंटकडे कोणी प्रचारक येत. एका दुपारी मी चहाला खाली गेले असताना ते आईच्या खाटेशी आले आणि म्हणाले, "अजून वेळ आहे, आजी." आईने रात्री मला विचारलं, "कसली वेळ गं?" त्या माणसाचा विश्वास खराच असेल. बुडणाऱ्याला हाक मारली असंच त्याला वाटलं असेल. मी अजून माफ केलेलं नाही.

आई गेल्यानंतरच्या मे महिन्यात मी आंटीबरोबर गच्चीवर होते. आंटी ईस्ट इंडियन, म्हणजे मूळची मुंबईचीच ख्रिस्ती. तिने बाटली मसाल्याच्या मिरच्या वाळत घातलेल्या. मी सरळ विचारलं, "तुमच्या हिशेबाने माझी आई कुठे गेली?" तिने हात पुसले. "येशूवाचून वर कोणी जात नाही, बाय. ते खरं ते खरं. पण तुझी आई दारात उभी राहिली तर तो तिला 'तू कोण' म्हणून विचारेल? माझ्या पोरांना तिने जेवू घातलंय." राहनरला ह्याच्यासाठी केवढी पानं खर्ची घालावी लागली!

मी सुटकेने म्हटलं, "म्हणजे सगळे एकच ना?" तर बाई भडकली. "एकच कसे? तो मेला आपल्यासाठी. तुमचा गणपती कुठे मेला?" आमच्याकडे मोदकांना पहिली हजर असणारी ही. वर म्हणते, "मिरची उलट, करपतील."

तर परवाचं. आंटीचे गुडघे आता चालत नाहीत. माहीमच्या चर्चचा बुधवारचा नोव्हेना, म्हणजे ओळीने नऊ बुधवार करायची प्रार्थना, 1948 पासून चालू आहे. तिने तो क्वचितच चुकवला असेल. आता मी जाते. तिने शंभराची नोट दिली, "दोन लाव, एक माझी, एक तुझी." रांगेत माझ्यापुढे मंगळसूत्रवाल्या दोघी, एकीच्या हातात नवसाचं मेणाचं घर. जे तारण मी मानत नाही त्याच्यासाठी स्वतःच्या नावाची मेणबत्ती लावली. उकाड्याने ती आधीच वाकली होती.

आंटीला पै-पैचा हिशेब लागतो. पर्समध्ये दुसरा कागद नव्हता, म्हणून त्या गुलाबी कागदाच्या पाठीवर लिहिला: मेणबत्त्या दोन, चाळीस, फुलं, वीस, परत चाळीस. तिने तो वाचला, उलटा केला, चष्मा सारून पुढची बाजूही वाचली.

"बरोबर आहे," म्हणाली. "पण हे लोक आवाज फार करतात." आणि सुट्टे मोजायला लागली.