एक ग्रॅम कमी पाव किलो

ओसाड पडलेली चर्चं वरून फार देखणी दिसतात, हा साक्षात्कार मला रात्री साडेअकराला मोबाईलवर ड्रोनचे व्हिडिओ बघताना झाला. कर्नाटकात हासनजवळ शेट्टीहळ्ळीचं चर्च आहे, १८६०च्या दशकातलं. हेमावतीच्या धरणाचं पाणी चढलं की ते अर्धं बुडतं. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनचा ४६ मीटरचा मनोरा, १९३१ साली निम्मा कोसळूनही एकटाच उभा. ड्रोन हळूहळू वर जातो, मागे संथ पियानो वाजतो आणि सगळ्या चौकटीत चिटपाखरू नसतं. मला भावलं ते हे चिटपाखरू नसणं. धुळ्यात आमच्या गल्लीत रात्री दोनलाही कुणीतरी ओट्यावर बसून 'झोपला नाही का अजून?' असं विचारत असतं.

मलाही माझ्या ड्रोनने असा व्हिडिओ काढायचा होता. भाचा लग्नांचं शूटिंग करतो. तो म्हणाला, "मामा, गोव्याला कशाला? चाळीसगाव-धुळे लाइनीच्या अंगाला एका गावात पडकं चर्च आहे. कुण्या रेल्वेच्या गोऱ्या साहेबासाठी बांधलं म्हणतात. छप्पर गेलंय, घंटेच्या जागी पिंपळ उगवलाय. कुत्रं फिरकत नाही तिकडे." या शेवटच्या वाक्यावर मी फसलो.

मे महिना होता. ड्रोनच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की चाळीस अंशांच्या वर वापरू नये. मे महिन्यात चाळीस अंश हे आमच्याकडे दुसऱ्या चहाच्या वेळचं तापमान. बॅटऱ्या स्टीलच्या डब्यात घातल्या, डब्याला ओलं उपरणं गुंडाळलं आणि पहाटे निघालो. डबा आधी लोणच्याचा होता. त्या बॅटऱ्यांना अजून मेथीचा वास येतो.

चर्चसमोर उतरलो तर दाराच्या कमानीखाली पोलीस पाटील उभे. आम्ही येणार हे त्यांना कुणी सांगितलं, हे विचारायचं नसतं.

"कागद शे का?" त्यांनी अहिराणीत विचारलं.

मी तयारीनिशी गेलो होतो. म्हटलं, पाटील, २०२१च्या नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो धरतात, उडवायला लायसन लागत नाही, आणि ड्रोनच्या सरकारी नकाशावर इथे हिरवा पट्टा आहे, म्हणजे उडवायला मुभा. माझा तर २४९ ग्रॅमचा.

"कोन म्हने?"

"खोक्यावर लिहिलंय."

"खोकावर तं काय बी लिखतस," पाटील म्हणाले, आणि वरात किराणा दुकानाकडे वळली. वरातच म्हणायची, कारण कुत्रं न फिरकणाऱ्या त्या जागी तोवर तीसेक माणसं जमली होती.

शेठने काट्यावरची साखर फडक्याने पुसली. मी ड्रोन ठेवला. लाल आकडे थरथरले आणि थांबले: २५८.

"बसत नही नियममा," पाटील म्हणाले.

मी ड्रोन पुसला, पंख मिटले, पुन्हा ठेवला. २५८. तेव्हा मागून एका म्हातारबांनी अगदी सहज विचारलं, "शेठ, मंग मनी पाव किलो चहापत्ती कितली व्हती?"

गर्दी गप्प झाली. आता एक तर माझा ड्रोन बेकायदा होता, नाहीतर शेठचा काटा. शेठने माझ्याकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, भिंतीवरच्या लक्ष्मीच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "पंख्यानी हवा लागी ऱ्हायनी," ते म्हणाले. पंखा बंद होता. सकाळपासून लाइटच नव्हती आणि काटा बॅटरीवर चालला होता. पण पाटलांनाही याच दुकानात उधारी असावी. ते म्हणाले, "उडू द्या. पन दहाच मिनिटं."

होकायंत्र जुळवायला ड्रोन हातात धरून आधी आडवा, मग उभा फिरवावा लागतो. मी तसा गोल फिरलो. "दृष्ट काढी ऱ्हायना," एक बाई दुसरीला म्हणाली.

ड्रोन भिंतीवरून आत गेला, तसा मला पडद्यावर ओसाडपणा दिसला. वेदीच्या ओट्यावर कडबा. खिडकीच्या टोकदार कमानीत शेळी. आणि खाली, गोऱ्या साहेबाच्या फरशीवर, भिंतीपासून भिंतीपर्यंत जुन्या लुगड्यांवर वाळत घातलेले ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमचे खानदेशी पापड. गावात इतकी सपाट, तापणारी, वर झाडाची सावली नसलेली जागा दुसरी नाही. जवळून बघावं म्हणून मी ड्रोन खाली आणला, ही चूक. पंख्यांच्या वाऱ्याने लुगड्याचा कोपरा उलटला आणि अर्धवट वाळलेले पाचपन्नास बिबडे कडब्यात, शेळीत, साऱ्या ख्रिस्ती वास्तुशिल्पात पसरले.

"कोन शे रे मुडदा! मना बिबडा उडी गयात!" काठी घेऊन कावळे हाकलत बसलेली एक आजी खांबाआडून उठली. काठी ड्रोनला चार बोटांनी हुकली. मी त्याला तडक चाळीस मीटर वर नेला.

वर गेलेला ड्रोन साऱ्या गावाला दिसला. आता, २०२०पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोननेच होते. त्यामुळे आकाशात काही घरघरलं की मोजणी आली, हे गावाला पाठ. "मना गोठा ऱ्हाई गया, तो बी मोजी ल्या, भाऊ!" एकाने ओट्यावर चढून हद्द दाखवली. शेजाऱ्याने ती हद्द तिथल्या तिथे अमान्य केली. मला माझ्या कंट्रोलरसकट पंच नेमण्यात आलं. मी शाळा भूगोलावर पास झालेला माणूस, पण तो तंटा मिटेपर्यंत दोन्ही बॅटऱ्या संपल्या होत्या आणि दोन्ही घरांचा चहा मला प्यावा लागला. वर आजीने उडालेले बिबडे वेचून घेतले, तेही माझ्याकडूनच, आणि खराब झालेल्यांचे शंभर रुपये.

घरी येऊन शूटिंग पाहिलं. एकोणीस मिनिटांत नऊ सेकंद अशी निघाली की ज्यांत कुणी हात हलवत नाही, काठी उगारत नाही, हद्द दाखवत नाही. पिंपळ, कमानी, उन्हाने पांढरी पडलेली भिंत. मी पियानो लावला आणि भाच्याला दाखवलं.

"मामा, थांबव," तो म्हणाला. "उजव्या कोपऱ्यात मोठं कर."

मोठं केलं. किराणा दुकानाच्या मागच्या दारात, उन्हात उकिडवे बसून, शेठ काटा उलटा करून स्क्रू पिळत होते.