महाकाय तारे ‘अशक्य’ ठरवणाऱ्या संदेशाविषयी

नववीत शिकणाऱ्या माझ्या भाच्याने ताऱ्यांच्या जन्मावरील प्रकल्पातला एक अख्खा परिच्छेद काल खोडून टाकला. ‘सूर्याच्या आठपटींहून जड तारे वायूपासून बनूच शकत नाहीत, हे शास्त्रज्ञांनीच कबूल केले आहे’ असा व्हॉट्सॲपवरचा संदेश त्याने खरा मानला होता. आमच्या घरच्या ग्रुपवरही तो तीनदा येऊन गेला, म्हणून हे उत्तर.

सिलिंडरमधून सुटलेला गॅस पुन्हा गोळा होत नाही, हा त्यातला पहिला दाखला. सिलिंडरमधल्या चौदा किलो गॅसला स्वतःचे गुरुत्वाकर्षण नसल्यासारखेच असते. मृग नक्षत्रातल्या, तारे जन्मतात त्या वायू आणि धुळीच्या ढगात मात्र हजारो सूर्यांइतके द्रव्य आहे, आणि त्याचे दाट भाग उणे 260 अंश सेल्सिअसच्या आसपास थंड असल्याने पसरू पाहणारा दाब दुबळा पडतो. असा ढग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने केव्हा आत कोसळतो, याचे गणित ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स जीन्स यांनी 1902 मध्येच मांडले.

खरा घात दुसऱ्या मुद्द्याने होतो, कारण तो अर्धा खरा आहे. जड तारा द्रव्य गोळा करत असतानाच प्रखर तळपू लागतो, त्याचा प्रकाश धूलिकणांवर दाब देतो आणि येणारा वायू मागे रेटला जातो. ही अडचण 1970 च्या दशकातल्या गणितांनी दाखवली होती, हे मान्यच करावे लागेल. पण त्या गणितांत वायू सर्व बाजूंनी सारखाच कोसळतो असे गृहीत होते, आणि संदेशाने नेमके तेच गाळले आहे. प्रत्यक्षात ढग फिरत असतो, त्यामुळे ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची फिरती चकती तयार होते. द्रव्य चकतीतून आत येते आणि प्रकाश वर-खालच्या विरळ भागातून निसटतो. खगोलशास्त्रज्ञ मार्क क्रुमहोल्झ आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या त्रिमितीय संगणकीय प्रतिरूपात 100 सूर्यांइतक्या वस्तुमानाच्या ढगातून सुमारे 41 आणि 29 सूर्यांइतक्या वस्तुमानांचे दोन तारे तयार झाले, आणि प्रकाशाचा दाब त्यांची वाढ रोखू शकला नाही. ‘कबुली’ म्हणून फिरवले जाते ते सुटत आलेल्या कोड्याचे जुने अर्धे पान आहे.

‘असा तारा बनताना कोणी पाहिला?’ हा तिसरा प्रश्न. धुळीमुळे डोळ्यांना दिसत नाही, पण रेडिओ लहरी धुळीतून पार होतात. चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणीने मृगातल्याच ‘सोर्स आय’ या सुमारे 15 सूर्यांइतक्या जड, घडत असलेल्या ताऱ्याभोवतीची चकती टिपली आहे.

भाच्याने तो परिच्छेद पुन्हा लिहावा, आणि त्यात चकतीची आकृती काढावी.