हसवा खुशाल, पण आमच्या माणसांच्या गोळ्या सोडवू नका

आज डोकं एवढं तापलं आहे की हे लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

मी आशा कार्यकर्ती आहे, गावात घरोघरी आरोग्याचं काम करणारी. यवतमाळ जिल्ह्यातलं लहानसं गाव, वय ४७, कामाला १४ वर्षं झाली. तिशीच्या वरच्या बायामाणसांचे फॉर्म भरायचे, त्यांना उपकेंद्रात तपासायला न्यायचं आणि ज्यांना बीपी-शुगर निघाली ते गोळी रोज घेतात की नाही ते पाहत राहायचं. हे शेवटचं काम सगळ्यात जड. कारण बीपी दुखत नाही. गुडघा दुखला की माणूस स्वतःहून येतो. बीपी वाढलेला माणूस दिवसभर डवरण करून येतो, भाकर खातो आणि म्हणतो, मले काय झालं आहे?

आमच्या आळीत एक काकाजी आहेत, बासष्टीचे. त्यांना गोळीवर आणायला मला पाच महिने लागले. रोज सकाळी चहासोबत गोळी, काकूच्या हातून. बसलं होतं सगळं नीट. परवा गेले तर गोळ्यांचं पाकीट फडताळात जसंच्या तसं पडलेलं.

"म्या तं पंधरा दिवस झाले सोडली गोळी. काहीच नाही झालं मले," काकाजी म्हणाले.

का सोडली? तर नातवानं मोबाईलवर दाखवलं. तीन विनोदी कलाकार, स्टँडअप करणारे, समोर माईक, मऊ सोफे, दोन तास गप्पा. त्यातला एक म्हणतो की त्यानं बीपीची गोळी कायमची सोडली. पहाटे उठून थंड पाण्यात बसतो, नाकानं श्वास घेतो, सोळा तास उपाशी राहतो आणि वय मागे गेलं म्हणतो. बाकीचे दोघं टाळ्या देऊन हसतात. आमचे काकाजी जानेवारीच्या थंडीत पहाटे पाच वाजता विहिरीचं पाणी अंगावर घेत होते!

अंगावर एकदम गार पाणी पडलं की रक्तवाहिन्या आवळतात, बीपी आणखी चढतं, छातीचे ठोके वाढतात. ज्याचं बीपी आधीच चढलेलं आहे आणि वरून गोळी बंद, त्याच्यासाठी हा सरळ जिवाशी खेळ आहे. मी तशीच त्यांना उपकेंद्रात घेऊन गेले. सिस्टरनं मशीन लावली. १८६ वर १०८. काकाजी म्हणतात, "मशीन खराब असन."

मी तिथंच भांडले त्यांच्याशी. आणि त्यांनी मला जे उत्तर दिलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. "पोरी, तो पायना किती मस्त हासते. पन्नाशीचा झाला पन पोरावानी दिसते. तो कायले खोटं बोलन?"

म्हणजे हसवणाऱ्या माणसावर विश्वास बसतो. ही ताकद आहे त्या लोकांच्या हातात आणि ती ते अशी वापरतात! मी पाच महिने दारात उभी राहून जे कमावलं ते यांनी एका हसण्यात घालवलं.

मग रात्री मी तो सगळा कार्यक्रम ऐकला. सुरुवातीला मलाही हसू आलं. चाळिशीनंतर बसताना तोंडातून "आई गं" कसं निघतं, रात्री दोनदा उठावं कसं लागतं, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर कसा शोधतो, हे ते फार छान सांगतात. खरं आहे ते. त्यांनी तिथंच थांबावं. पण अर्ध्या तासानं सूर बदलतो आणि तेच लोक डॉक्टर होतात. शेवटी एक पावडर येते, डबा दाखवतात, सवलतीचा कोड सांगतात. खाली कोणी जाब विचारला तर म्हणे, आम्ही तर मजा करतोय, सीरियस कशाला घेता. मग डबा विकताना का नाही हसले? तेव्हा तर आवाज एकदम गंभीर होता!

आणि बोलतात काय, तर "म्हातारपण ही सवय आहे, झोप हा चॉईस आहे." हे ऐकून मी मोबाईल आपटणार होते. आमच्याकडे शेतीची लाइन, म्हणजे पंपाची वीज, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हरभऱ्याला, गव्हाला ओलित द्यायचं तर रात्रपाळीत माणूस वावरात. हाती बॅटरी, पायाखाली चिखल, विंचू-सापाची भीती. ओलित नसेल त्या रात्री जागली, कारण रोही आणि रानडुक्कर एका रात्रीत पीक झोपवतात. दिवसा लाइन मिळावी म्हणून २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना निघाली, पण आमच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, रात्रपाळी अजून आहेच. या माणसांनी झोपेचा कोणता चॉईस करायचा होता? काकाजींची तीस वर्षांची अर्धी झोप बांधावर गेली. ते बासष्टीचे असून पंच्याहत्तरीचे दिसतात ते वाईट सवयींनी नाही.

रोज दहा हजार पावलं चाला म्हणतात, त्याचं पण तेच. माझ्या मुलीनं वाचून दाखवलं की हा आकडा कोण्या डॉक्टरनं काढलेला नाही. जपानमध्ये १९६५ साली पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' असं ठेवलं, तिथून तो चालत आला. २०१९ साली अमेरिकेत म्हाताऱ्या बायांवर मोठा अभ्यास झाला, त्यात साडेसात हजारांच्या पुढे जास्तीचा फायदा दिसला नाही. पण आमच्या गावातली एक पोरगी, दिवसभर कापूस वेचून येते आणि रात्री अंगणात येरझारा घालते, पावलं पुरी झाली नाहीत म्हणून! सकाळी नऊपासून वाकून वेचणं, ओटीत कापूस, सांजेला गाठोडं डोक्यावर, मजुरी किलोमागे. तिच्या कमरेला आराम पाहिजे, येरझारा नाही.

उपाशी राहण्याबद्दल तर मला ओरडून सांगावंसं वाटतं. पेशी स्वतःचा कचरा स्वतः कशा साफ करतात यावर २०१६ साली जपानच्या ओसुमींना नोबेल मिळालं, हे खरं. पण ते काम त्यांनी यीस्टवर केलं होतं. त्यावरून सोफ्यावरचा माणूस सांगतो की सकाळचं जेवण सोडा, नोबेलवाले म्हणतात. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारच्याच पाहणीत आहे. मी लोहाच्या गोळ्या घेऊन दारोदार फिरते, आणि दोन बायांनी मला सांगितलं की त्या आता दुपारी एकलाच पहिल्यांदा खातात. आधीच सोमवार, चतुर्थी, नवरात्र आहेच की! नऊ वाजता भाकर खाऊन निंदायला जाणारी बाई उपाशी गेली तर धुऱ्यावर चक्कर येऊन पडेल.

'डिटॉक्स', म्हणजे अंगातलं विष काढणं, हा शब्द तर माझ्यासमोर काढूच नये. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-मजूर मेले. अंगात विष जाणं म्हणजे काय ते आम्ही पाहिलं आहे. ते लिंबूपाण्यानं निघत नाही. मास्क, हातमोजे, वाऱ्याची दिशा पाहून फवारणी, यावर दोन मिनिटं बोलले असते तर मी त्यांचे पाय धरले असते.

आणि त्या डब्यातली एक वस्तू पाहून मला रडूच आलं. फ्लॅक्स सीड. म्हणजे जवस! माझी आजी रोज जवसाची चटणी भाकरीसोबत खायची, घरच्या वावरातला जवस. सोयाबीन आलं आणि आमच्या शिवारातून जवस गेला. आता तोच आम्हाला डब्यात भरून, शहरातला माणूस हसत हसत विकतो आणि आमची पोरं मजुरीच्या पैशातून ऑर्डर करतात.

काकाजींचा नातू वाईट नाही. आजोबा जगावेत म्हणूनच त्यानं दाखवलं. त्याला मी काही बोलले नाही. बोलायचं होतं ते त्या तिघांना. तुमचे गुडघे वाजू द्या, केस जाऊ द्या, त्यावर चार तास बोला, आम्ही ऐकू. पण "मी गोळी सोडली" हे वाक्य माईकवर बोलताना एवढं तरी सांगा की डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणी सोडू नका. पाच सेकंद लागतात त्याला.

काकाजी "सोमवारपासून घेतो" म्हणाले आहेत. मी सोमवारची वाट पाहणार नाही. उद्या सकाळी सात वाजता, ते वावरात निघायच्या आत, सिस्टरला घेऊन त्यांच्या दारात जाते. काकूला आजच सांगून ठेवलं आहे, चहा टाकू नको मी येईपर्यंत.