खोडावरचं दगडफूल झाड खात नाही

पावसाळा लागला की बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटांत हा संदेश फिरतो : 'आंबा-काजूच्या खोडावरचे करडे चट्टे म्हणजे बुरशीचा रोग. ही बुरशी झाडाचा रस शोषते, फांद्या वाळतात. चट्टे खरवडून मोरचूद-चुना फासा.' त्यापायी चांगल्या कलमांच्या साली सोलल्या जाताना बघून जीव तुटतो.

'बुरशी' हे अर्धंच खरं. ते चट्टे लायकेनचे. रुंद, कडा उचललेल्या पाळ्यांचं, पानासारखं दिसणारं लायकेन बऱ्याचदा पार्मोट्रेमा प्रजातीतलं असतं. गोड्या मसाल्यातलं दगडफूलही त्यातलंच. त्यात बुरशीच्या धाग्यांमध्ये हिरवं शेवाळ राहतं आणि उन्हावर अन्न तयार करतं. चट्ट्यावर पाणी शिंपडा, करडा रंग हिरवट होईल. पाणी आणि क्षार पावसातून, धुक्यातून, हवेतल्या धुळीतून मिळतात.

मग रस शोषण्याचं काय? एक पाळी उलटून पाहा. खाली काळी बाजू आणि मुळांसारखे बारीक धागे दिसतील. ते फक्त धरून ठेवतात, तेही सालीच्या वरच्या मेलेल्या थराला. दुकानातल्या दगडफुलालाही सालीचे कपचे चिकटलेले सापडतात. झाडाच्या लाकडात घुसून पाणी ओढतं ते बांडगूळ. ते जरूर काढा.

'फांद्या वाळतात' यात तर क्रमच उलटा लावलाय. फांदी आधी अशक्त होते, पानं विरळ होतात, ऊन आत येतं आणि लायकेनला जागा मिळते. ते वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं. म्हणजे तळहाताएवढा चट्टा कित्येक वर्षांचा असतो. यंदा वाळलेल्या फांदीचा दोष त्याच्यावर कसा येईल? खोडाला भोकं आणि खाली भुसा असेल तर भिरुड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, शोधा. मुळाशी पाणी तुंबतंय का, तेही बघा.

मोरचुदाने लायकेन मरतं, हे खरं. पण त्याने वाळती फांदी सावरत नाही आणि खरवडताना जिवंत सालीला झालेली जखम किडी-रोगांना वाट करून देते. शिवाय गंधकाच्या धुराने लायकेन चटकन मरतं, म्हणजे खोडावर ते दिसणं ही उलट चांगल्या हवेची खूण. शहराच्या हवेची प्रत लायकेनवरून कळते, हे लायकेनचे अभ्यासक विल्यम निलँडर यांनी 1866 मध्येच पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत दाखवलं होतं.

बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, लावायचंच तर गुलाबी रोगावर लावा. त्यात पावसाळ्यात फांदीवर गुलाबीसर पांढरा थर चढतो आणि पुढचा शेंडा सुकतो. अशी फांदी थराच्या खालून, निरोगी भागात कापा, कापल्या जागी बोर्डो पेस्ट लावा आणि कापलेलं बागेबाहेर नेऊन जाळा.