टाइमआउट? छे, कशाला!

एचटीटीपी क्लायंट, म्हणजे सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवणारा कोड, लिहायला घेतलाय? मग टाइमआउटच्या, म्हणजे उत्तराची किती वेळ वाट बघायची त्या मर्यादेच्या, भानगडीत पडूच नका. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी सांगितल्याशिवाय टाइमआउट लावत नाही, गो भाषेचा डीफॉल्ट क्लायंट लावत नाही, जावास्क्रिप्टच्या अ‍ॅक्सिओसमध्ये तो शून्य, म्हणजे अमर्याद. एवढी जाणती मंडळी थांबायला तयार आहेत, तुम्हालाच कसली घाई?

कनेक्ट (जोडणी होण्याचा) आणि रीड (उत्तर वाचण्याचा) टाइमआउट वेगळे असतात म्हणे. असू देत.

विचारणाऱ्या वरच्या सर्व्हिसला 10 सेकंद द्या, उत्तर देणाऱ्या खालचीला 60. विचारणारा निघून गेला तरी उत्तर शिजत राहील.

रिट्राय, म्हणजे फसलं की पुन्हा प्रयत्न, मात्र सढळ हाताने. तीन थर, प्रत्येकी तीन प्रयत्न: एका क्लिकमागे डेटाबेसला 27 फटके. मध्ये जराही थांबू नका, तो आधीच आजारी आहे. पेमेंटची पोस्ट रिक्वेस्टही बिनधास्त पुन्हा पाठवा, ग्राहकाचे पैसे दोनदा कापले गेले तर सपोर्टवाले आहेतच.

आणि हेल्थ चेक, म्हणजे सर्व्हिस जिवंत आहे का ते बघणारी तपासणी, काही न तपासता फक्त 200 (‘सगळं ठीक’) परत करणारा ठेवा. परवा रात्री 3 वाजता मला त्याचाच आधार होता. फोन वाजला, उठून बघतो तर सीपीयू 2 टक्के, मेमरी निवांत, डॅशबोर्ड हिरवागार आणि साइट मेलेली. स्टॅक डंप, म्हणजे कोड कुठल्या ओळीवर अडकलाय त्याची यादी, काढला. रिक्वेस्ट हाताळणारे 16 च्या 16 वर्कर एकाच ओळीवर, सॉकेटमधून (नेटवर्क जोडणीतून) वाचायला बसलेले. कशासाठी? प्रोफाइलचा थंबनेल देणाऱ्या एका फडतूस सर्व्हिससाठी! रिक्वेस्ट पोचली होती. उत्तराला उशीर झाला, तेवढ्यात मधल्या फायरवॉलने कनेक्शन गुपचूप विसरून टाकलं. ना फिन, ना रीसेट, म्हणजे कनेक्शन संपल्याचा कुठलाच निरोप नाही. आमची बाजू बसली वाट बघत. टीसीपी कीपअलाइव्ह (समोरचा आहे ना, हे अधूनमधून विचारणारी सोय) म्हणाल, तर तो आधी चालू करावा लागतो, आणि केलाच तरी लिनक्सवर पहिली टकटक 7200 सेकंदांनी. दोन तास! थंबनेलसाठी!

बास झाला उपरोध. अरे, टाइमआउट म्हणजे फंक्शनला द्यायचं एक आर्ग्युमेंट आहे! कनेक्टला 3.05 सेकंद, रीडला 27, असं तयार उदाहरण रिक्वेस्ट्स लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्येच आहे, निदान ते तरी चिकटवा. आणि तो रीडचा आकडा अख्ख्या रिक्वेस्टचा नसतो, दोन वाचनांमधल्या शांततेचा असतो. समोरचा थेंब थेंब बाइट देत राहिला तर तोही वाजणार नाही. एकूण वेळेची मर्यादा वेगळी घालावी लागते, हेही वाचा कधीतरी. कोड रिव्ह्यूमध्ये मी लिहिलं होतं, ‘इथे टाइमआउट घाला.’ उत्तर काय, तर ‘लोकलला (माझ्या मशीनवर) चालतंय.’ लोकलला चालणारच, तिथे सर्व्हर तुमच्याच मशीनवर असतो! मध्ये फायरवॉल कुठून येणार? आज घरी जाण्याआधी असे सगळे कॉल शोधा, आकडे घाला. नाहीतर पुढच्या वेळी 3 वाजताचा फोन तुमच्या उशाशी वाजेल, तशी सोय मी करून ठेवली आहे.