आजीव वर्गणीदार

आमच्या मासिकाची वर्गणी वसूल करणं हे माझं काम आहे. कामांची वाटणी झाली तेव्हा मी चहा सांगायला खाली गेलो होतो, एवढीच माझी पात्रता.

मासिक पुरोगामी, ट्रस्ट सार्वजनिक. नफा मिळवायचा नाही असं घटनेत लिहिलंय आणि घटनेतलं तेवढं एकच कलम आम्ही आजवर तंतोतंत पाळलं आहे. उसाची एफआरपी, बंद पडत चाललेल्या झेडपीच्या शाळा, तमाशाचे फड, सगळ्यावर छापतो. लेखक दीड हजार शब्द मागितले की सात हजार देतात आणि कापले की वैचारिक गळचेपी होते. मग अंक लांबतो. मग जोडअंक निघतो. गेल्या वर्षी आम्ही बारा महिन्यांचे सात अंक काढले.

कुरकुर करायची मात्र सोय नाही. संपादक लगेच १९२० सालात जातात. "अरे, 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनसुद्धा 'केसरी'नं छापली नव्हती! पुढे 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांनी एकहाती लिहून काढले. आणि तुला दहा फोन होत नाहीत?" 'मूकनायक'ला शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली होती, हे मी एकदा हळूच सुचवून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, "मग लाव की फोन."

महाराजांचा नंबर नसल्यामुळे मी यादीतल्यांना लावतो. मासिक टिकलं पाहिजे यावर सर्वांचं एकमत आहे. ("टिकलं पाहिजे" म्हणणाऱ्यांची वर्गणी हमखास थकलेली असते.) एका बाईंकडे तीन वर्षांचे अंक प्लॅस्टिकसकट जपून ठेवलेत. निवृत्त झाल्यावर निवांत वाचणार आहेत.

पण खरा पेच आजीव वर्गणीदारांचा. १९७८ साली कुणीतरी १०१ रुपयांत 'आजीव' योजना काढली. चळवळीतली माणसं, तुरुंगातून नुकतीच सुटलेली, तब्येती तोळामासा. हिशेब तसा चुकीचा नव्हता. पण ही माणसं निर्व्यसनी निघाली. रोज टेकडी चढतात. त्यांना दीर्घायुष्य चिंतताना माझा आवाज हल्ली जरा घोगरा होतो.

परवा त्यांतल्याच एका अण्णांचा फोन आला. वय ९१. आवाज खणखणीत.

"अंक दोन महिने आला नाही."

"अण्णा, जोडअंक आहे."

"बरं. एक काम होतं. आता डोळ्यांना दिसत नाही. माझी वर्गणी नातवाच्या नावावर करून टाक."

"अण्णा, तुम्ही तर जन्मभर घराणेशाहीविरुद्ध..."

"ते राजकारणात. पत्ता लिहून घे."

मी लिहून घेतला. पत्ता बोस्टनचा होता.

"नातवाचं वय काय, अण्णा?"

"सव्वीस. आणि रोज पळतो हो."