‘एकच रसायन इतकी उलटसुलट कामं कशी करेल?’ या प्रतिक्रियेला उत्तर

‘सेरोटोनिन भूक मारतं, आकडी रोखतं आणि वर ताणही वाढवतं? हे विज्ञान आहे की जादूटोणा? आणि पुरावा कसला, तर उंदरांचा!’ सेरोटोनिन या पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या रसायनावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची ही प्रतिक्रिया झणझणीत आहे, पण अर्धी बरोबर आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माझी चूक. ‘सेरोटोनिन वाढलं की आकडी टळते’ असं मी सरसकट ठोकून दिलं होतं. ते प्रमाणाबाहेर वाढलं तर उलट आकडी येऊ शकते. वाक्य दुरुस्त केलंय.

आता जादूटोण्याचं. काम सेरोटोनिनपेक्षा ते ज्या रिसेप्टरवर (पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या प्रथिनावर) जाऊन बसतं त्यावर ठरतं, आणि असे रिसेप्टर १४ प्रकारचे आहेत; वन-ए, थ्री, टू-सी ही त्यांचीच नावं. वन-ए बहुतेक ठिकाणी पेशीला शांत करतो. थ्री हा तर चक्क आयनांचा दरवाजा; उलटी थांबवणारं ऑन्डान्सेट्रॉन तोच अडवतं. तुम्ही ज्यांवर बोट ठेवलंत त्या तिन्ही गोष्टींत मात्र टू-सी सापडतो.

उंदरांना नाक मुरडू नका. टू-सीचं जनुक निकामी केलेल्या उंदरांचं काम १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. ते खा-खा करून लठ्ठ झाले आणि त्यांना आकडी येऊ लागली, काही त्यातच दगावले. पुढे दिसलं की मोठा आवाज झाला तरी पुरे: आधी पिंजऱ्यात सैरावैरा धावायचं, मग आडवं पडून हातपाय झाडायचे. ताणाचं गणित मात्र उलटं आहे. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागात सीआरएच (ताणाची साखळी सुरू करणारं संप्रेरक) सोडणाऱ्या पेशींना हाच टू-सी डिवचतो आणि तिथून कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकापर्यंतची साखळी हलते. त्याच हायपोथॅलॅमसमध्ये थोडं बाजूला, दुसऱ्या पेशींवर बसून तो पोट भरल्याचा निरोप देतो. रिसेप्टर तोच, पेशी वेगळी.

माणसातलं उदाहरण हवं होतं ना? फेनफ्लुरामिन घ्या. भूक मारणारं औषध म्हणून ते चालायचं. हृदयाच्या झडपा खराब होताना दिसल्या आणि १९९७ मध्ये अमेरिकेत ते बाजारातून काढलं. दोष टू-सीचा नव्हता, झडपांवरच्या टू-बीचा होता. तेच औषध तिथे २०२० मध्ये परत आलं, ड्रावे सिंड्रोम या मुलांमधल्या हट्टी अपस्मारासाठी, तेही ठरावीक काळाने हृदयाचा इको करायच्या अटीवर. (आकडी थांबवण्याचं श्रेय एकट्या टू-सीला देऊ नका, वन-डीही त्यात आहे.)

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: एसएसआरआय (सेरोटोनिन वाढवणारी नैराश्यावरची गोळी) सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात घालमेल का वाढली? गोळी रिसेप्टर निवडत नाही, सेरोटोनिन सगळीकडे एकदम वाढवते. सुरुवातीच्या अस्वस्थतेत टू-सीचा हात असावा असं मानतात; मन निवळायला मात्र काही आठवडे जातात. हे डॉक्टरांच्या कानावर घाला, पूर्वी कधी आकडी आली असेल तर तेही सांगा, आणि गोळी मनानेच सोडू नका.